डावीकडे, चार बोटं

आमच्या सोसायटीत फाटकी जीन्स घालणारी पोरं हल्ली लिफ्टऐवजी जिन्यानं जातात. लिफ्टमध्ये सामूभाऊ भेटतील, ही भीती. सामूभाऊ आधी फाटलेल्या गुडघ्याकडे बघतात, मग चेहऱ्याकडे बघतात आणि अत्यंत गंभीर आवाजात विचारतात, “कोण गेलं?”

चौथ्या मजल्यावरची नेहा हिंजवडीला आयटीत आहे. पहिल्यांदा ती सापडली.

“कोणी नाही गेलं, काका. ऑफिसला चाललेय,” ती म्हणाली.

“मग फाडलीस कशाला?”

“मी नाही फाडली. अशीच मिळते.”

“नवी? आणि फाटलेली?” सामूभाऊंचा आवाज चढला. “म्हणजे दुःख कुणाचं, दुकानदाराचं? अगं, कपडा फाडायला आधी घरातलं माणूस जावं लागतं. आणि गुडघ्यावर कोणी फाडत नाही. इथं फाडतात.” त्यांनी स्वतःच्या कॉलरखाली बोट ठेवून जागा दाखवली. तेवढ्यात तळमजला आला, म्हणून नेहा वाचली. संध्याकाळी तिनं आमच्या घरी येऊन हळूच विचारलं, “ते काका बरे आहेत ना?”

बरे आहेत. फक्त ज्या विषयावर इतर लोक बोलायचं टाळतात, त्या विषयाचे ते तज्ज्ञ आहेत, एवढंच.

सामूभाऊ म्हणजे सामुएल नवखारकर. आडनाव ऐकून लोक त्यांना अलिबागकडचे समजतात आणि ते आहेतच अलिबागकडचे. नाव ऐकून ख्रिश्चन समजतात, ते मात्र नाहीत. ते ज्यू. आपल्याकडचे मराठी ज्यू, बेने इस्राएल. “कधीकाळी आमचं जहाज फुटलं, कोकणच्या किनाऱ्याला लागलो, तेल गाळायला लागलो, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले.” ही माहिती ते कुणालाही, त्यानं विचारलं असो वा नसो, एका दमात देतात. पुढचं वाक्य असतं, “आता चहा सांग.”

पिंपरीतल्या एका कंपनीत आम्ही चोवीस वर्षं एकत्र काढली. मी स्टोअर्सला, ते इन्स्पेक्शनला. म्हणजे मी माल मागवायचा आणि त्यांनी तो परत पाठवायचा. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी ते म्हणणार, “शिर्के, ड्रॉइंग काय म्हणतं?” ड्रॉइंग काय म्हणतं ते त्यांना पाठ असायचं, मला वाचून दाखवायला लावायचे. सप्लायर रडकुंडीला यायचे, प्रॉडक्शन मॅनेजर हात जोडायचे, सामूभाऊ ढिम्म. एका दिवाळीला कंपनीनं वाटलेल्या डब्यातले लाडू त्यांनी व्हर्नियरनं मोजले आणि माझ्या डब्यातले सात लाडू रिजेक्ट करून स्वतः खाऊन टाकले.

कंपनीबाहेर त्यांच्याकडे एक वेगळंच खातं होतं. त्यांच्यात आई, बाप, भाऊ, बहीण, मूल किंवा नवरा-बायको गेली की दफनाआधी जवळच्या माणसानं अंगावरचा कपडा फाडायचा असतो. मन फाटलंय ते कपड्यावर दिसलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. आता मुळात पुण्या-पिंपरीत ही माणसं राहिलीत थोडी, त्यात दुःखाच्या वेळी नियम कोणाला आठवणार? म्हणून फोन सामूभाऊंना. ते ब्लेडची डबी खिशात टाकायचे, माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि आम्ही निघायचो. पुण्यापर्यंतच्या वाटेत मला ते नियम ऐकवत. शंभरदा ऐकले असतील. माणसानं उभं राहून फाडायचं, बसून नाही. ब्लेडनं नुसती खाच पाडून द्यायची, पुढचं त्यानं स्वतःच्या हातानं फाडायचं. चार बोटं तरी फाटलं पाहिजे.

“सगळं कात्रीनं कापून दिलं तर?” मी एकदा विचारलं.

“कापणं हे शिंप्याचं काम, राव. फाडणं हे दुःखाचं.”

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम बाजूचा. आई-बापासाठी डावीकडे, काळजावर. ते फाटलेलं जन्मात रफू करायचं नाही. महिन्याभरानं फार तर कच्चा टाका मारायचा, तोही दिसेल असा. बाकी सगळ्यांसाठी उजवीकडे. ते आठवड्यानं टाचायचं आणि तीस दिवस झाले की नीट शिवून टाकायचं. “आई-बाप दुसरे मिळत नाहीत,” सामूभाऊ कारण सांगायचे. मग स्कूटर खड्ड्यातून गेली की माझ्या खांद्याला धरून म्हणायचे, “हळू चालव, नाहीतर आज तुझ्या बायकोला उजवीकडे फाडावं लागेल.”

लोकांनी त्यांना छळलंही खूप. एकजण बापाच्या दफनाला टी-शर्ट घालून आला. टी-शर्ट काही केल्या फाटेना, नुसता ताणला जाई. शेवटी तो बिचारा ओढून ओढून दमला आणि रडायचं सोडून हसायला लागला. दुसरा एक मुद्दाम जुनापुराणा, आधीच विरलेला शर्ट घालून आला, तर सामूभाऊंनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “बापानं तुला असेच कपडे घातले होते का?” तिसऱ्यानं काळी फीत आणली होती, पिनेनं शर्टाला लावायची आणि फीत फाडायची. परदेशात असं करतात म्हणे. सामूभाऊंनी फीत हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. “हे पॅकिंग मटेरिअल आहे,” म्हणाले.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती चाकणच्या प्रकरणात. एक तरुण पोरगा, चाकणला ऑपरेटर, बाप गेल्याचा निरोप आला तसा फर्स्ट शिफ्टमधून थेट कबरस्तानात आला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म. नियमाप्रमाणे डावीकडे फाडला, तर नेमकं कंपनीचं नाव मधोमध चिरलं गेलं. सात दिवसांनी पोरगा कामावर गेला तेव्हा एचआरनं सांगितलं, फाटका युनिफॉर्म जमा कर आणि नवा घेऊन जा, तसा नियम आहे. पोरगा म्हणाला, फाटका देणार नाही आणि शोकात नवा घालणार नाही, कारण आमच्यातही नियम आहे. मेमो निघायची वेळ आली.

सामूभाऊ पेटले. नियमाविरुद्ध नियम म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानीच. त्यांनी ए-फोर कागदावर शर्टाचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूनं, सगळी मापं घालून. फाटलेल्या जागेवर बाण आणि त्यापुढे लिहिलं, ‘ऐंशी मिलिमीटर. कमी चालणार नाही. जास्त कितीही.’ चाकणच्या चौकात तासभर ट्रॅफिकमध्ये उकडून आम्ही त्या एचआर मॅनेजरसमोर जाऊन बसलो. मॅनेजर लातूरकडचा, भला माणूस. ड्रॉइंग बघून चाट पडला.

“फाटका ठिवू द्या त्याला, माझी हरकत न्हाई,” तो म्हणाला. “पण नवा तर घालावाच लागंल की हो. लाइनवर सिव्हिल कपडे चालत न्हाईत.”

“घालेल ना. फक्त नवा नको. आधी दुसऱ्या कोणीतरी घातलेला पाहिजे. अर्धा तास घातला तरी नवेपण जातं.”

“कोन घालनार आता अर्धा तास?”

सामूभाऊंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमची साइज बरोबर आहे.”

त्या दिवशी तो मॅनेजर टायवर ऑपरेटरचा युनिफॉर्म चढवून अर्धा तास स्वतःच्या केबिनमध्ये बसला. दोन माणसं कामासाठी आत आली आणि बघून परत गेली. सामूभाऊ घड्याळ धरून समोर. पंचविसाव्या मिनिटाला तो काढायला लागला तर म्हणाले, “ड्रॉइंग काय म्हणतं? अर्धा तास.”

घरात मात्र सामूभाऊंचं काही चालत नसे. रिबकावहिनी, त्यांची बायको, शिवणकाम करायच्या. सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे. माझी बायको सुनंदा त्यांना ताई म्हणायची आणि रोज दुपारी त्यांच्याकडे हातशिलाईच्या निमित्तानं जाऊन बसायची. एकदा सामूभाऊंनी तयार ब्लाउजवर पट्टी लावून बघितली. वहिनींनी शांतपणे ती पट्टी काढून घेतली आणि तिनंच टेबलावरचे दोरे झटकले. “कंपनीत तुमचं लोखंड मोजा,” म्हणाल्या. “बाईचं अंग काय रोज तेवढंच असतं?” रोज सकाळी त्या यांच्या शर्टाची कॉलर सारखी करायच्या आणि हे लहान मुलासारखी मान वर करून उभे राहायचे. एकुलती एक मुलगी एस्तेर तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला नर्स झाली, तेव्हापासून घरात ही दोघंच.

गेल्या वर्षी रिबकावहिनी गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी आणलं ते तसंच.

कबरस्तानात मी सामूभाऊंच्या शेजारी उभा होतो. एस्तेरचं विमान वेळेत पोचणं शक्य नव्हतं, तिनं तिकडेच तिचा कपडा फाडला. सामूभाऊंच्या अंगावर फिकट निळा शर्ट होता, वहिनींनी शिवलेला. इतकी वर्षं दुसऱ्यांना खाच पाडून देणाऱ्या या माणसाला आज खाच पाडून द्यायला कोणी पुढे होईना. त्यांनी स्वतःच डबी उघडली, स्वतःच ब्लेड लावलं आणि फाडलं.

डावीकडे.

मी चमकलो. बायकोसाठी उजवीकडे, हे मला, माळकरी घरातल्या माणसाला, पाठ होतं. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रार्थना म्हणणारे हज्जान हलकेच म्हणाले, “असू द्या. दुःखात होतं.” मलाही तेच वाटलं. ज्या माणसाच्या हातून चोवीस वर्षांत एक चुकीचा पीस सुटला नाही, त्याच्या हातून आज सुटला. मला स्मशानात कधी आलं नव्हतं एवढं रडू तेव्हा आलं.

सात दिवस ते जमिनीवर बसले. सुनंदा आणि मी डबा घेऊन जायचो. तीस दिवस झाले. नियमाप्रमाणे आता शर्ट शिवायला हरकत नव्हती, किंवा घडी करून कपाटात टाकायलाही. सामूभाऊ मात्र तो घालूनच फिरत. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा वार, लागताना काढायचा, कारण त्या दिवशी शोक मिरवायचा नाही, आणि शब्बाथ संपला की पुन्हा चढवायचा. भाजी आणायला तोच शर्ट, बँकेत तोच शर्ट. आता लिफ्टमधली पोरं त्यांच्या फाटक्या शर्टाकडे बघायची आणि काही बोलायची नाहीत.

“सामूभाऊ, शिवून टाका की आता,” मी म्हणायचो.

“शिवणार आहे. धागा मिळत नाही या रंगाचा.”

सुनंदानं हे मनावर घेतलं. चिंचवडचं मार्केट पालथं घालून तिनं निळ्याच्या आठ रिळी आणल्या. सामूभाऊंनी एकेक रीळ खिडकीत नेली, शर्टाला लावली, डोळे बारीक केले. ही हिरवट. ही जांभळट. ही चमकते. ही धुतल्यावर उतरेल. आठवी रीळ मला तरी हुबेहूब वाटली. ती त्यांनी बराच वेळ धरून ठेवली आणि म्हणाले, “शेड जुळते, पण धागा जाड आहे.” पुढच्या आठवड्यात सुनंदानं आणखी पाच आणल्या. त्याही रिजेक्ट. “तुमच्या मित्राला धागा नकोच आहे,” ती घरी येऊन म्हणाली. “हे ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय.” बायकांना हे आधी कळतं. मला वाटत होतं, खरंच धाग्याचाच प्रश्न आहे.

मग एस्तेरचा फोन आला, मला. तिचं लग्न ठरलं होतं. एक तारीख तिनं आधीच पुढे ढकलली होती, कारण पप्पा म्हणाले शर्ट शिवून झाल्याशिवाय लग्नाला कसा येऊ? आता दुसरी तारीख. तिकीट तिनं पाठवलं होतं, पप्पा काही बोलत नव्हते.

“काका, असा काही नियम नाहीये,” ती म्हणाली. “मी इथे विचारलं. तीस दिवसांनी ते मोकळे आहेत. आई तर नाहीच. पप्पा पण आले नाहीत तर माझ्या बाजूनं उभं कोण राहणार?” पोरीचा आवाज फुटला. अंगाखांद्यावर खेळलेली पोर. मला सामूभाऊंचा रागच आला.

मी थेट सिनॅगॉगमध्ये जाऊन हज्जानना भेटलो. त्यांनी स्वच्छ सांगितलं: बाजू चुकली तरी बिघडत नाही, नियम बाजूचा नसतो, नात्याचा असतो. बायकोसाठी फाडलेलं आहे, खुशाल रफू करा. ते मी कागदावर लिहून घेतलं, सामूभाऊंना तोंडी पुरावा चालत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि कागद पुढ्यात ठेवला.

“वाचा. तुमची चूक माफ आहे. आता शिवा आणि पोरीच्या लग्नाला जा.”

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा लावला.

“चूक नव्हती, राव,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी किती जणांचं फाडलं असेल? मला डावं-उजवं कळत नाही का? ब्लेड उजवीकडेच नेलं होतं. मग डोक्यात आलं, इथं फाडलं की तीस दिवसांनी आपण मोकळे. शिवायचं, इस्त्री करायची, हँगरला लावायचं. चाळीस वर्षं, शिर्के. तीस दिवसांत कसा मोकळा होऊ? मला मोकळं व्हायचंच नव्हतं. म्हणून जाणूनबुजून डावीकडे नेलं. लोक म्हणाले चूक झाली, मी म्हटलं, बरंय.”

सुनंदानं डोळ्याला पदर लावला. माझा कागद मला अगदीच फालतू वाटायला लागला. सगळ्या पिंपरीला नियमावर बोट ठेवून नाचवणाऱ्या या माणसानं आयुष्यात एकदाच लबाडी केली होती, आणि ती यासाठी. पण माझ्या कानात एस्तेरचा आवाज होता. म्हणून मी धीर करून त्यांच्याच भाषेत विचारलं, “ठीक आहे. डावीकडे तर डावीकडे. रफू करायचं नाही. पण डाव्या बाजूला महिन्यानंतर कच्चा टाका चालतो ना? वाकडातिकडा, दिसेल असा? ड्रॉइंग काय म्हणतं?”

त्यांनी शर्टाच्या फाटलेल्या कडा दोन बोटांनी जुळवून बघितल्या. “चालतो,” म्हणाले.

सुनंदानं लगेच सुई काढली. “नाही,” सामूभाऊ म्हणाले. “वहिनी, तुम्ही रिबकाच्या हाताखाली शिकलेल्या. तुमचा टाका सरळ येणार. यानं शिवायचं.”

मी जन्मात बटण लावलेलं नव्हतं. सुनंदानंच सुईत धागा ओवून दिला, नाकारलेल्या रिळींपैकी पहिली हाताला आली ती, हिरवट निळी. सामूभाऊ शर्ट काढायला तयार नव्हते. ते खुर्चीत ताठ बसले आणि मी त्यांच्यासमोर वाकलो, तशी सुनंदा ओरडली, “अहो, अंगावर कपडा शिवू नये! निदान तोंडात काडी तरी धरायला द्या त्यांना.”

“आमच्यातही हेच,” सामूभाऊ म्हणाले. “अंगावर शिवतात ते मेलेल्या माणसाचं. जिवंत माणसानं धागा चावत राहायचा. म्हणजे कळतं, अजून आहे म्हणून.” त्यांनी रिळीचा हातभर धागा तोडला, तोंडात घातला आणि चावायला लागले.

मी शिवलं. पाच टाके, त्यातले तीन तिरके, एक तर सरळ बनियनमध्येच गेला होता तो उसवून पुन्हा घातला. सुई दोनदा त्यांना टोचली, ते हललेसुद्धा नाहीत. शर्टाखाली त्यांची छाती धडधडत होती, ती माझ्या बोटांना लागत होती. टाके वाकडे घालण्यासाठी मला वेगळा प्रयत्न करावा लागला नाही. शेवटची गाठ मारून मी धागा तोडला.

त्यांनी खाली मान घालून टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मग त्याच बोटानं टेबलावरच्या माझ्या फोनकडे खूण केली. मी एस्तेरला व्हिडिओ कॉल लावला.

“शिवला,” मी म्हटलं. “पप्पा येतायत.”

“खरंच? कोणी शिवला?”

“मी.”

ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. “दाखवा ना. पप्पांना द्या फोन.”

मी फोन त्यांच्यासमोर धरला. “पप्पा? पप्पा, बोला ना,” ती म्हणत होती. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून त्या वाकड्या टाक्यांवर पडत होतं, आणि ते तिच्याकडे बघून मान हलवत होते, हो, हो, हो. शिवणं केव्हाच संपलं होतं. पण तोंडातला धागा त्यांनी काढला नाही. चावतच राहिले.